उत्तर दिल्याशिवाय पुढचा येत नाही

सर्दीला दीड तास लावणारा दुसरा डॉक्टर कुणी मला दाखवून द्यावा, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं माझं मॅचिंग सेंटर मी त्याच्या नावावर करून देते, अस्तरं, फॉल आणि गिऱ्हाइकांच्या कटकटीसकट. हा असला नमुना फक्त आमच्या बोळात आहे, माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर. होमिओपॅथीचे डॉक्टर. साठी उलटलेली, लग्न केलेलं नाही, आई होती ती गेली. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती नाक गळतंय म्हणून. दोन मिनिटांत येते असं शेजारी सांगून दुकान उघडं टाकून गेले होते. परत आले तेव्हा नाक आपलं आपण थांबलं होतं, आणि मला लहानपणी विहिरीची भीती वाटायची हे डॉक्टरांना ठाऊक झालं होतं.

याला कारण त्यांचा कॉम्प्युटर. म्हणजे कॉम्प्युटरही नव्हे, त्यातलं ते सॉफ्टवेअर. कोणे एके काळी सीडीवर आलेलं. त्याबरोबर एक निळी किल्ली आली होती, पेनड्राइव्हसारखी दिसणारी. ती मागे खोचल्याशिवाय ते उघडायचंच नाही. एक लायसन, एक मशीन, एक किल्ली. डॉक्टर ती किल्ली लाल नाड्याला बांधून गळ्यात घालायचे आणि रात्री देवघरात ठेवायचे. भिंतीवर त्यांच्या डिग्रीची चौकट आहे, तिच्या शेजारी त्या सॉफ्टवेअरच्या लायसनची चौकट आहे, आणि खरं सांगायचं तर लायसनची चौकट मोठी आहे. त्यावर ‘कायमस्वरूपी’ असं ठळक अक्षरांत छापलंय. तर हे सॉफ्टवेअर एकेक प्रश्न विचारायचं, खाली तीन-चार पर्याय द्यायचं, आणि डॉक्टर ते स्क्रीनवरून शाळेतल्या मुलासारखं स्पष्ट वाचून दाखवायचे. कुणी कंटाळून म्हणालं, “सोडा ना हा, पुढचा घ्या,” तर ते अगदी हळू आवाजात म्हणायचे, “उत्तर दिल्याशिवाय पुढचा येत नाही.”

आणि प्रश्न तरी कसले! “उन्हात बरं वाटतं की सावलीत?” भर मे महिन्यात सोलापुरात हा प्रश्न विचारणारा माणूस धडधाकट घरी जातो यातच आमच्या गावाचा चांगुलपणा दिसतो. “स्वप्नात पाणी दिसतं का?” यावर आमच्या बोळातल्या बायका सांगायच्या की हो, नळाला आलेलं दिसतं आणि तेवढ्यात जाग येते. एकदा उजनीच्या काठावरचा एक केळीवाला पाठदुखी घेऊन आला होता. त्याला हा प्रश्न विचारला तर तो म्हणाला, “सपनात कशाला डाक्टर, घरामागंच धरण हाय की. तितं मोटर बसवताना तर पाठ धरली!” डॉक्टरांनी शांतपणे पर्याय वाचले, “कधीच नाही, कधी कधी, वारंवार.” माणूस डोकं खाजवत म्हणाला, “लिवा वारंवार.” पण गंमत अशी की शिव्या घालत आत गेलेला माणूस बाहेर येताना वेगळाच दिसायचा. पूर्व भागातली एक म्हातारी, जन्मभर मागाच्या खडखडाटात कान गेलेले, तिला प्रत्येक प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागे. ती डोळे पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, “मला रडू कधी येतं असं कुणी विचारलंच नव्हतं गं.” खोकला होता बाईला. बरा झाला की नाही देव जाणे, पण ती दर महिन्याला यायची.

आता या डॉक्टरांना दवाखान्याबाहेर कुणी पाहिलं तर हाच तो माणूस यावर विश्वास बसणार नाही. इतका बुजरा प्राणी मी पाहिलेला नाही. रिक्षावाल्याला ‘थांबा’ म्हणायचा धीर होत नाही म्हणून पार सात रस्त्यापर्यंत जाऊन चालत परत येणारे हे. भाजीवालीनं पिशवीत टाकलं म्हणून एकट्या माणसासाठी अख्खा लाल भोपळा उचलून आणला आणि आठवडाभर तोच खाल्ला. माझ्या दुकानात गिऱ्हाईक असलं की बाहेर उन्हात उभे राहायचे. मी हाक मारली की आत येऊन एक पांढरं बटण मागायचे, घेऊन लगेच निघायचे.

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला. भला मुलगा, मामावर जीव आहे त्याचा. “मामा, काय हे जुनं विंडोज! एखाद दिवशी सगळं जाईल,” म्हणाला आणि बसल्या बैठकीला नवीन टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला आणि डॉक्टरांनी किल्ली खोचली. स्क्रीनवर अक्षरं आली की हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही. झालं! डॉक्टर किल्ली फुंकून, पुसून, नमस्कार करून पुन्हा पुन्हा खोचत होते. नव्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्यानं जुनं विंडोज परत घालून पाहिलं, तर सॉफ्टवेअर म्हणे आधी कंपनीकडून नवीन नंबर आणा. फोन करायची डॉक्टरांची छाती नाही. मग मीच डॉक्टरांना शेजारी बसवून माझ्या दुकानातून लावला, स्पीकरवर. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी.

“मॅडम, ती कंपनी आता आम्ही घेतली आहे. जुन्या व्हर्जनला नंबर मिळत नाही.”

“अहो, पण यांचं लायसन कायमस्वरूपी आहे. भिंतीवर लावलंय!”

“हो ना, मॅडम, कायमस्वरूपीच आहे. लायसन चालू आहे. सॉफ्टवेअर बंद आहे.”

मी कपाळावर हात मारला आणि तिला चांगलं सुनावलं. ती बिचारी म्हणाली, “मॅडम, ओरडू नका ना, सकाळपासून डोकं दुखतंय.” हे ऐकून डॉक्टर एकदम पुढे सरकले. तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, समोरच्या दवाखान्यातल्या काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, आणि पुन्हा मागे सरकले. शेवटी मीच विचारलं, “उजवीकडे की डावीकडे?” ती म्हणाली, “उजवीकडे.” डॉक्टरांनी कागदावर औषधाचं नाव लिहून माझ्यापुढे सरकवलं.

भाच्यानं पुण्यात बसूनच नवीन सॉफ्टवेअर घेऊन दिलं, दर वर्षी पैसे भरायचं. ते पाच-सहा प्रश्न विचारतं आणि फाटकन औषध सांगतं. चाळीस वर्षांचा माणूस असो की चार महिन्यांचं मूल, पाच मिनिटांत बाहेर. लोक खूष! “डॉक्टर सुधारले,” असं बोळभर झालं. रांग लागायला लागली. पण बसत कुणी नाही. पुडी घेतली की गाडीला किक. ती पूर्व भागातली म्हातारीही आली होती, बाहेर आली ती हातातल्या बाटलीकडे बघत, माझ्याशी न बोलताच गेली. आणि डॉक्टर बटणं न्यायला लागले. सोमवारी बटण, बुधवारी बटण, शुक्रवारी बटण. शर्टाची सगळी बटणं जागच्या जागी असलेला माणूस एवढ्या बटणांचं करतो काय? आता गिऱ्हाईक असलं तरी आत येऊन कोपऱ्यात उभे राहायचे. मला इतकं वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. बोला ना काहीतरी!

परवा दुपारी माझा गुडघा फारच ठणकायला लागला म्हणून बोळ ओलांडून गेले. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, मशीननं औषध सांगितलं, बाटली माझ्या हातात आली. मी उठलेच नाही.

“डॉक्टर, ते पूर्वीचं विचारा की. ऊन, सावली, विहीर.”

“ते बंद पडलं, वहिनी.”

“तुम्हाला तर सगळं पाठ आहे!”

“पाठ आहे,” ते म्हणाले. नाडा गळ्यातच होता, किल्ली शर्टाच्या आत. “पण विचारायचं ते. मी नुसता वाचायचो. मला माणसांना काही विचारायला जमत नाही. आई होती तेव्हा आल्यागेल्याशी तीच बोलायची. मग हे होतं.” एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि ते टेबलावरच्या बाटल्या सरळ करायला लागले.

एवढी वर्षं या माणसानं अख्ख्या पेठेला विचारलं, याला कुणी विचारलं का? मी खुर्ची ओढून टेबलाच्या त्यांच्या बाजूला नेली. “सरका. आज मी विचारते. माणसांत असलं की त्रास वाढतो की कमी होतो?”

डॉक्टरांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “पर्याय काय आहेत?”

“वाढतो, कमी होतो, फरक पडत नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “पुढचा घ्या, वहिनी.”

“डॉक्टर,” मी म्हटलं, “उत्तर दिल्याशिवाय पुढचा येत नाही.”

ते हसले, आणि हसता हसताच डोळे भरून आले. “कमी होतो,” ते म्हणाले. “बराच कमी होतो.”

माझ्या दुकानासमोर दोन बायका ब्लाउजपीस हातात धरून हाका मारत होत्या. म्हटलं, मारू देत. पण पुढचा प्रश्न काही मला आठवेना. डॉक्टरांनीच तो मला सांगितला, आणि मग मी तो त्यांना विचारला.