उरलेली अर्धी गोळी

नोकरीतल्या पुष्कळ घटना विसरलो, ही मात्र आजही आठवते. तेव्हा मी चाकणला होतो. दुपारी एका घरमालकाचा पोलीस ठाण्यात फोन आला.

"साहेब, माझ्याकडं दोन चुलतभाऊ भाड्यानं ऱ्हात्यात. काल हळदीत नाचले. धाकला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय, थोरल्याला काय बी झालं न्हाई. आठवड्यामागं दोघांत लई जुंपली व्हती."

भांडणाचं कारण दोघे कामाला होते त्या कंपनीत कळलं. धाकटा पर्मनंट झाला होता, थोरला कंत्राटीच राहिला होता. झालं! माझ्या डोक्यात गुन्हा तयार झाला.

थोरल्याला ठाण्यात आणलं. टपरीवाल्याकडून नशेची एक गोळी आणून दोघांनी वाटून खाल्ल्याचं त्याने लगेच कबूल केलं. विष घातल्याचं मात्र मान्य करेना. मी टेबलावर हात आपटला.

"एकच गोळी दोघांनी खाल्ली, मग तू ठणठणीत कसा?"

"साहेब, अर्धी आधी म्या खाल्ली. तासभर थांबलो. मला काई नाही झालं, म्हणून उरलेली त्याला दिली. लहान हाय ना तो."

मला ती थाप वाटली. पण दवाखान्याच्या तपासणीत दोघांच्याही अंगात एकच द्रव्य निघालं, विष नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, "अशी द्रव्यं यकृतात मोडली जातात. त्याचा वेग बराचसा जनुकं ठरवतात. एकाच्या अंगातून लवकर निघून जातं, दुसऱ्याच्या अंगात साचतं. इथे तेच झालं का, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"पण हे एका घरातले, डॉक्टर!"

"सख्ख्या भावांतही फरक असतो, साहेब."

बाहेर बाकावर धाकट्याची आई बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती पदरात तोंड घालून रडली. "लहानपणी याचं कडू औषध आधी थोरलाच चाखायचा. साहेब, माझ्या पुतण्याला मारू नका."

चौथ्या दिवशी धाकट्याने डोळे उघडले. जबाब घ्यायला मी शेजारीच होतो. त्याने पहिलं विचारलं, "दादा वाचला का? त्यानं बी खाल्ली व्हती."

खुनाच्या प्रयत्नाचा संशय तिथेच संपला. अमली पदार्थाचा गुन्हा राहिला, टपरीवालाही आत गेला. भावाचे शब्द मी स्वतः कोठडीपाशी जाऊन थोरल्याला सांगितले. तो गज धरून ढसाढसा रडला. खरं सांगतो, मलाही आवरलं नाही.

आपल्याला सोसलं ते भावालाही सोसेल, असं थोरल्याला वाटलं. मीही तेच धरून चाललो होतो, म्हणून त्याचं धडधाकट असणंच मला पुरावा वाटलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, कोण वाचला यावरून दोषी कोण हे मी कधी ठरवलं नाही.