चौथ्या भागाचा पहिला नंबर

रद्दीच्या धंद्यात माल तोलून विकत घ्यावा लागतो. किस्से मात्र लोक फुकटात टाकून जातात, आणि ते किलोवर विकताही येत नाहीत. त्यामुळे साठत राहतात. मुलुंडला बाजारामागच्या गल्लीत माझं दुकान आहे. अर्ध्या दुकानात रद्दी, अर्ध्यात भाड्याने द्यायची पुस्तकं. शाळा दहावीत सुटली. इंग्रजी शिकलो ते पुस्तकांच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून. म्हणून मला कुठल्याही पुस्तकाची सुरुवात ठाऊक असते, शेवट एकाचाही नाही. गिऱ्हाइकाला शेवट सांगायचा नसतो, तेव्हा धंद्याला तेवढं पुरतं.

हे किस्से आहेत माझ्या रक्तवाल्या गिऱ्हाइकांचे. रक्तवाले म्हणजे व्हॅम्पायरच्या प्रेमकथा वाचणारे. तुम्ही हसाल. मीही हसायचो.

०

एका रिकाम्या होणाऱ्या फ्लॅटमधून ही पुस्तकं माझ्याकडे आली. काळी कव्हरं, वर लाल थेंब. मी कव्हर बघितलं आणि सरळ भुताखेतांच्या फळीवर लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी नीलिमा परब आली. अंधेरीला एका कुरियर कंपनीत अकाउंट्स बघायची. पंचविशीची, तोंडाने फटकळ. तिने मागचं कव्हर वाचलं आणि मला झापलंच.

"शेठ, हे भुताचं नाहीये. लव्हस्टोरी आहे."

मी म्हटलं, अगं, त्या हिरोला सुळे आहेत.

"मग? सुळे असले म्हणून माणसाने प्रेम करू नये काय?"

मी निमूटपणे फळी बदलली. महिनाभरात ती फळी दुकानातली सगळ्यात चालणारी झाली.

०

नीलिमाने पहिली भरती केली ती प्रज्ञाची. दोघी एका कॉलेजच्या. प्रज्ञा कांजूरमार्गला राहते आणि इथे मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि सुटल्यावर रक्त पिणाऱ्यांचं वाचायचं. मी विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाली, "लॅबमध्ये रक्त देताना सगळे तोंड फिरवतात हो शेठ. पुस्तकात निदान खूश होऊन देतात."

माझी शुगरही तीच तपासते. एकदा रिपोर्ट घेऊन दुकानात आली, बाकड्यावर बसली आणि गंभीर चेहरा करून म्हणाली, "शेठ, तुम्ही बिनधास्त अंधारात फिरा. तुमच्या गळ्याला कोणी दात लावणार नाही. लावलाच, तर दुसऱ्या दिवशी त्यालाच गोळ्या चालू कराव्या लागतील."

०

त्या फळीवरची एक मालिका सगळ्यांच्या जिवाची होती. तिच्या नायक-नायिकेची नावं आम्ही कधी घेतली नाहीत. नायिका ती 'पोरगी', व्हॅम्पायर तो 'पांढऱ्या', आणि त्याला मारायला टपलेला, पण पोरीवर जीव टाकणारा दुसरा, तो 'दाढीवाला'. बाकड्यावर दोन पार्ट्या पडल्या होत्या. नीलिमा पांढऱ्याची, प्रज्ञा दाढीवाल्याची.

तिसरा भाग आला तेव्हा माझ्याकडे प्रत एक आणि वाट बघणाऱ्या तिघी. तिसरी म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधल्या हेतलबेन. पुस्तक विटेएवढं जाड. मी काय केलं, रद्दी कापायचा सुरा घेतला आणि पुस्तकाचे सरळ तीन तुकडे केले. प्रत्येकाला पट्टी चिकटवली, खाकी कागदाचं कव्हर घातलं. एकीने पहिला तुकडा संपवला की तो दुसरीकडे, पहिलीला पुढचा. थोड्याच दिवसांत तिघींचं एकदम वाचन सुरू. नीलिमा म्हणाली, "शेठ, एका वेळी तिघींना खूश ठेवणं पांढऱ्याला जमलं नाही, ते तुम्ही करून दाखवलंत."

खाकी कव्हराचा फायदा हेतलबेनना झाला. त्या खिडकीत बसून वाचताना रडत होत्या. सासूबाईंनी बघितलं. खाकी कव्हर, सुनेच्या डोळ्यांत पाणी. म्हातारीला वाटलं काहीतरी धर्माचं असणार. तिने पुस्तक हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं. आत, उघड्या पानावर, आमचा पांढऱ्या कोणाच्या तरी मानेला चावत होता.

०

तिसऱ्या भागाचा शेवट असा, की पांढऱ्या त्या पोरीला चावलाय आणि ती एका दगडी पुलावर पडलीय. मरायचं, की त्याच्यासारखं होऊन कायमचं जगायचं, हे तिने सकाळ व्हायच्या आत ठरवायचंय. पुढचं पान कोरं.

नीलिमाने तो शेवटचा तुकडा माझ्या काउंटरवर आपटला. ही काय पद्धत झाली, म्हणे. पुढचा भाग कधी, तर लेखिकाबाईंनी जाहीर केलं होतं, 'पुढच्या हिवाळ्यात'. तिकडचा हिवाळा कधी येतो, त्याचा मुंबईत बसून काही पत्ता लागत नाही.

"चौथ्याला पहिला नंबर माझा," नीलिमा म्हणाली. "मध्ये कोणाला घुसवलंत तर दुकानासमोर उपोषणाला बसेन."

मी म्हटलं, लिहून घेतला.

०

कस्टममधून रिटायर झालेले नाईककाका या भानगडीपासून लांब होते. त्यांचा नियम होता, अपुऱ्या मालिकेला हात लावायचा नाही. "ज्या पंगतीत ताक येणार की नाही ठाऊक नाही, तिथे मी पानावर बसत नाही," म्हणायचे.

मग त्यांना बायपास सांगितली. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी दुकानात आले आणि पहिला भाग मागितला. मी आठवण करून दिली, काका, चौथा अजून यायचाय.

"ठाऊक आहे रे. पण आमच्या दोघांत आधी कोण संपतं, हे आता सांगता येत नाही."

संपले नाहीत. छातीवर टाके घेऊन तिसऱ्या भागापर्यंत पोचले. त्या पुलावर पोरीला तशीच पडलेली बघून मला फोन केला. म्हणाले, "शेठ, ऑपरेशन परवडलं. ते लोक निदान पूर्ण करून सोडतात!"

०

त्या हिवाळ्यात पुस्तक आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नीलिमाने तोवर शेवटचा तुकडा दुसऱ्यांदा घरी नेला होता, लेखिकेने काही खुणा सोडल्यात का ते शोधायला. त्या आठवड्यात तिला ताप भरला. डेंग्यू. सोमवारी प्रज्ञाच्याच लॅबमध्ये रक्त दिलं, प्रज्ञानेच काढलं. पेशी उतरत गेल्या. रविवारी नीलिमा गेली.

पुढे बरेच दिवस बाकडं रिकामं होतं. प्रज्ञा गल्लीतून जायची, दुकानाकडे बघायची नाही.

मग एका संध्याकाळी नीलिमाची आई आली. परबकाकू मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो कधीच गेला. काकू मुलुंड पूर्वेला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात. हातावर पीठ तसंच होतं. पिशवीतून त्यांनी तो खाकी तुकडा काढून काउंटरवर ठेवला. मी तो परत त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, काकू, राहू दे, ठेवा तुमच्याकडे.

"नको. पुस्तक परत देवचा लागता, माका म्हायत आसा." मग जरा थांबून म्हणाल्या, "भाऊ, माझ्या चेडवाचो, नीलिमाचो, पयलो नंबर आसा मां? तो काढू नको."

मी सांगितलं की ते पुस्तक अजून लिहूनच झालेलं नाही.

"होवंदे. माका घाय नाय."

तीनेक दिवसांनी हेतलबेननी सहज विचारलं, चौथ्याला आता पहिला नंबर कोणाचा? मी म्हटलं, नीलिमा परब. त्यांनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. नाईककाकांना आपणहून सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. बदलायचं कारण नाही."

०

काकूंना इंग्रजी येत नाही. पण मुलगी ज्याच्यासाठी जेवणाचं ताट बाजूला सारायची ते आहे तरी काय, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. म्हणून प्रज्ञा परत बाकड्यावर आली. लॅब सुटली की ती, काकू, आणि मधे पहिला भाग. वाचायचं आणि मराठीत सांगायचं. नाईककाका बाजूला पेपर धरून बसायचे, पान काही उलटायचे नाहीत.

काकूंना पांढऱ्याचं काही नाही, दाढीवाल्याचं काही नाही. पोरगी पहिल्या भागात घरातून पळते. प्रज्ञाने ते रंगवून सांगितलं : घोडा, धुकं, पांढऱ्याचा थंडगार हात. काकू म्हणाल्या, "आणि घराकडे कोण आसा तिच्या?"

आई आहे, प्रज्ञा म्हणाली. स्वयंपाक करून वाट बघत बसलेली.

"मगे आवशीक कोणी सांगल्यान?"

प्रज्ञाने पुढची पानं चाळली. मग दुसरा भाग चाळला. मग माझे ते तीन तुकडे. आई कुठेच नव्हती. पहिल्या भागात चुलीपाशी बसलेली ती, तिथेच राहून गेली होती. इतक्या जणांनी, इतक्या वेळा ती पुस्तकं वाचली होती. पांढऱ्याच्या डोळ्यांचा रंग कुठल्या पानावर बदलतो हे त्यांना पाठ होतं. आई मागे राहिली, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाकड्यावरच्या पार्ट्या मोडल्या. हेतलबेन दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या विचारायच्या, मम्मीचं काही कळलं? नाईककाकांनी तर लेखिकेला ईमेलच केला. कस्टममध्ये आयुष्य काढलेला माणूस. इंग्रजीत लिहिलं, पण मजकूर असा : महोदया, मुलीच्या आईस अद्याप कळवण्यात आलेले नाही, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.

उत्तर लगेच आलं. तुमच्या प्रेमाबद्दल आभार, चौथा भाग लवकरच, आणि खाली एक लाल बदाम. मशीनचं उत्तर होतं ते. काकांनी मान्य केलं नाही. म्हणाले, "पोच मिळाली."

०

यंदा चौथा भाग आला. मी ऑर्डर देऊनच ठेवली होती. या पुस्तकाला सुरा लावला नाही.

नंबर नीलिमाचा, म्हणजे पुस्तक काकूंकडे जायचं. पण त्यांना वाचून दाखवणार प्रज्ञा, म्हणून आधी तिला दिलं. दोन दिवसांनी ती लॅबचा कोट न काढताच दुकानात आली आणि पुस्तक काउंटरवर ठेवलं.

"शेठ, आई नाहीच आहे. एकदासुद्धा नाही."

पोरगी जगायचं ठरवते. पांढऱ्यासारखी होते. दाढीवाला मरतो, लग्न लागतं, बेटावर घर बांधतात, आता ती कधीच मरणार नाही. एवढ्या जाड पुस्तकात त्या लेखिकाबाईला आईसाठी एक ओळ मिळाली नाही.

मी धंदेवाला माणूस. गिऱ्हाइकाला हवा तो माल नसला तर त्याच्या जवळचा काढून द्यायचा, एवढं मला कळतं. मी म्हटलं, काकूंना इंग्रजी येत नाही. शेवटी दोन ओळी घाल.

प्रज्ञा आधी नाही म्हणाली. मग हेतलबेन आणि नाईककाकांना बोलावून त्या दोन ओळींवर आमची तासभर मीटिंग झाली. पोरगी संध्याकाळची आईच्या दारात येते, इथपर्यंत सगळ्यांचं जमलं. पुढे गाडी अडली. हेतलबेन म्हणाल्या, आई तिला जेवायला वाढेल. प्रज्ञा म्हणाली, ती आता जेवत नाही हो, रक्त पिते. "आईच्या हातचं जेवेल," हेतलबेन म्हणाल्या. नाईककाकांचं म्हणणं, अशा अवस्थेत आई तिला ओळखेल का, हाच मुद्दा आहे. तेवढ्यावर मीटिंग संपली.

रविवारी प्रज्ञा, नाईककाका आणि मी काकूंकडे गेलो. काकूंनी केंद्रातून सुट्टी घेतली होती. चहा झाला. नीलिमाच्या कॉटवर प्रज्ञा पुस्तक घेऊन बसली, काकू खाली भिंतीला टेकून. प्रज्ञाने मोठे मोठे भाग गाळत गोष्ट सांगितली. लग्न आलं, काकूंनी नुसतं "बरा" म्हटलं. बेट आलं, तेव्हा तेही नाही.

मग प्रज्ञा आमच्या ओळींवर आली. पुस्तक मांडीवर उघडंच होतं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. सांगू लागली : मग एका संध्याकाळी पोरगी एकटीच आपल्या गावात आली. चेहरा पांढराफटक झालेला, हात थंड. घराची वाट तिला आठवत होती. दार लोटलेलं होतं. आत दिवा होता. ती दारात उभी राहिली आणि तिने हाक मारली, आई.

काकू भिंतीपासून सरळ झाल्या.

"मगे? आवशीन काय केल्यान?"

प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मी नाईककाकांकडे. काका छातीवरच्या शर्टाचं बटण चाचपत खाली बघत होते. शेवटी मीच बोललो. म्हटलं, आत घेतलं, काकू.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"भाऊ, ह्या त्या पुस्तकात नाय. तीन पुस्तकां लिवली तरी जिका आवस आठवाक नाय, तिका आता खयसून आठवतली?"

प्रज्ञाने पुस्तक मिटलं आणि उठायला लागली. काकूंनी हात धरून तिला परत कॉटवर बसवलं.

"परत सांग," म्हणाल्या. "ती दारात इली, थयसून."