मुदतीबाहेरचा संशय

ती चौकशी आजही आठवते, कारण ती करायचा मला काहीच अधिकार नव्हता. मी निवृत्त पोलीस निरीक्षक. टाळेबंदीत आयर्लंडमध्ये, नास नावाच्या गावी मुलीकडे अडकलो होतो.

खबर मुलीनेच दिली. शेजारी डबे करून देणाऱ्या मराठी बाईंना समन्स आलं होतं. दुकानाच्या आवारात गाडी मागे घेताना एका म्हाताऱ्याला धक्का दिला आणि न थांबता निघून गेल्या, असा आरोप. तो सिद्ध झाला तर त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज अडकणार होता. मात्र पोलिसांनी समन्ससाठी कोर्टात अर्ज केला तोवर अशा किरकोळ गुन्ह्यासाठीची सहा महिन्यांची मुदत उलटली होती, आणि बाईंच्या वकिलाने तेवढ्यावरच बोट ठेवलं होतं.

"टाळेबंदीत उशीर होणारच. तेवढी सूट नको?"

"बाबा, वकील म्हणतो, मुदत कुणी वाढवलेली नाही. आणि एकदा संपलेली मुदत मागाहून कायदा करूनही उठवता येत नाही. आरोपीचा तो हक्क राज्यघटनेनं राखलाय."

मला पटलं नाही. 'निर्दोष माणूस तारखेच्या आड लपत नाही,' असं मी तिथल्या मराठी ग्रुपवर लिहिलं. बाईंचे डबे कमी होत गेले.

मग एकदा त्यांना बागेच्या कुंपणापाशी गाठलं. उतरलात? उतरले. पुढे? दुकानाच्या गार्डनं आतून खुर्ची आणली, आजोबा बसले, 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे ठीक आहे, असं म्हणत उठून गेले. हकिगत मी शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावली. कुठेही फरक पडला नाही.

"पाठ केलंय तुम्ही."

"अडखळले असते तर खोटं बोलते म्हणाला असता, काका. पकडायचं आधीच ठरवलंय ना?"

त्यांना खोटं पाडायलाच मी दुकानात गेलो. कॅमेऱ्यातलं चित्रण केव्हाच पुसलं गेलं होतं. गार्ड नोकरी सोडून मायदेशी परतला होता. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "तो एकदा खुर्ची उचलून बाहेर पळाला होता खरा. पण कधी, कुणासाठी, नाही आठवत."

वेळेत अर्ज झाला असता तर ती खुर्ची साक्षीत आली असती. मुदतीला मी जन्मभर चोराची पळवाट समजलो. खटला शिळा झाला की निर्दोषपणाचा पुरावाही जातो, हे नोकरीत कधी सुचलं नाही. 'मुदतीवर सुटलेला' म्हणून कितीजणांना मी नंतरही छळलं.

मुदतीच्याच मुद्द्यावर खटला फेटाळला गेला. ग्रुपवर मी चूक कबूल केली. अंगठे आले, डबे काही सुरू झाले नाहीत. मी दारात जाऊन माफी मागितली.

"कोर्टात माझी बाजू ऐकायची वेळच आली नाही, काका. ऐकली ती फक्त तुम्ही."

म्हणून त्यांची जबानी इथे नोंदवतो. गाडी थांबली होती. त्या उतरल्या होत्या.