दहा डॉलरचं वाळवंट

ऑर्व्हल टेड्रोच्या मते, ज्यांनी वाळवंटाला कुंपण घातलं त्यांनी समुद्राला झाकण लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ड्राय फोर्कमध्ये हे मत सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्याने तीस वर्षं काउंटीचा ग्रेडर चालवला होता, म्हणजे कच्च्या रस्त्यावरून पोलादी पातं घासत नेणारं ते पिवळं धूड. कॉपर गेटचा रस्ता त्याने पहिल्यांदा सारखा केला तेव्हा तिथे फाटक नव्हतं. पूर ओसरल्यावर सोल्जर वॉशच्या नाल्यातले दगड त्यानेच बाजूला लोटले. मग राज्य सरकारने या जागांना पार्क म्हटलं, फाटकाशी एक खोपटं उभं केलं, खोपट्यात टोपी घातलेली मुलगी बसवली आणि गाडीमागे दहा डॉलर घ्यायला सुरुवात केली.

"डोंगर तोच ना?" ऑर्व्हल विचारायचा. "की पैसे दिल्यावर उठून सलाम करतो?"

पेट्रोल पंपाला चिकटून बर्निसची खानावळ होती. हिवाळ्यात मिनेसोटाहून थंडीला पळून आलेली म्हातारी जोडपी तिथे अंडी-बटाटे खायला थांबत आणि कोपऱ्यात बसलेल्या ऑर्व्हलला विचारत, कुठला पार्क पैसे देण्याजोगा आहे. ऑर्व्हल कॉफीतून तोंड न काढता निकाल द्यायचा.

"कॉपर गेट?"

"खडकाची कमान आहे. मधे भोक आहे. भोक बघायला दहा डॉलर."

"आणि जुना किल्ला?"

"चार भिंती आहेत. पाचवी शहाणी होती, ती पडली."

"टिनाहाला म्हणे पाण्याचं कुंड आहे."

"पाटी आहे. पाणी कुठे गेलं ते पाटीवर लिहिलेलं नाही."

लोक हसत. त्यातले निम्मे तरीही जात आणि परत येऊन म्हणत, म्हातारा खरंच बोलत होता. भोक आहे असं सांगून पाठवलेल्या माणसाला तिथे भोकच दिसतं, हे बर्निसच्या लक्षात आलं होतं. पण ती गप्प राही, कारण हसणारी माणसं दुसरा कप मागवत.

या सगळ्यात एक बाई अशी होती जिने ऑर्व्हलचा शब्द कधीच मोडला नव्हता. ती त्याची बायको, नॅडीन. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिने विचारून बघितलं, रविवारी कॉपर गेटला जाऊया का. ऑर्व्हल मागचं दार उघडून अंगणाकडे बोट दाखवायचा. तीच खडी, तीच काटेरी झुडपं, तेच आभाळ, आणि फुकट. पुढे तिने विचारणं सोडलं. इच्छा मरते तेव्हा आवाज होत नाही, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या माणसाला वाटतं की ती कधी नव्हतीच.

पण ही इच्छा मेली नव्हती. जानेवारीत घर विकलं गेलं, ताबा तेवढा निघताना द्यायचा होता. नॅडीनचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. एप्रिलच्या शेवटी दोघांनी ओहायोला मुलीकडे जायचं, तिथे शस्त्रक्रिया करायची आणि तिथेच राहायचं असं ठरलं. डॉक्टरने सांगितलं की वॉकर घेऊन थोडं चालता येईल, पण एक दिवस चाललात तर दोन आठवडे पाय उशीवर ठेवावा लागेल.

एका सकाळी टोस्टला लोणी लावताना ती म्हणाली, "जायच्या आधी मला एक पार्क बघायचाय."

"कोणता?"

"ते तूच सांग. सगळ्या मिनेसोटाला सांगतोस."

ऑर्व्हलने हे काम मनावर घेतलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. बायकोचा गुडघा एकदाच चालणार, मग तो भोक बघण्यात कसा खर्च करायचा? आधी प्रत्येक पार्क आपण एकट्याने तपासायचा, त्यातला एक निवडायचा आणि मगच तिला न्यायचं असं त्याने ठरवलं. त्याच्या मनात प्रेम होतं. प्रेम करायचीही त्याची तऱ्हा रस्त्याची पाहणी करायला निघालेल्या माणसासारखी होती.

आता ड्राय फोर्कची एक रीत होती. पार्कात पैसे भरले की एक कागदी चिठ्ठी मिळते. ती गाडीच्या आरशाला अडकवायची आणि ती सूर्यास्तापर्यंत चालते. सकाळी जाऊन आलेले पाहुणे जेवायला बर्निसकडे थांबत तेव्हा ती चिठ्ठी काउंटरवरच्या खिळ्याला टोचून ठेवत, आणि गावातलं कुणीतरी ती उचलून पुन्हा आत जाई. नियमात हे बसत नव्हतं. फाटकावरच्या मुलीला हे ठाऊक होतं आणि आपल्याला ठाऊक आहे हे तिने कधी दाखवलं नाही. गावात कुणी पुरे दहा डॉलर मोजून आत गेला तर तो एकतर मिनेसोटाचा असे, नाहीतर डोक्याने गेलेला. ऑर्व्हल दोन्ही नव्हता.

तेव्हा तो खिळ्याकडे बघत बसून राही. पाहुण्यांचं जेवण आटपून चिठ्ठी टोचली जाईपर्यंत दुपार होई. मग तो निघायचा आणि दोनच्या सुमाराला फाटकातून आत शिरायचा. ऊन वरून ताटासारखं पालथं पडलेलं असे. खडकाला सावली नसे आणि दरीला खोली नसे. सगळं एकाच कागदावर चिकटवल्यासारखं दिसे. पक्षी गप्प, सरडे दगडाखाली, पत्र्याचं शौचालय भट्टीसारखं तापलेलं. ऑर्व्हल टोपी मागे सारून भोवताली नजर फिरवी, एकदा थुंके आणि परत फिरे.

रात्रीच्या जेवणाला निकाल.

"सोल्जर वॉश नको. दगडांचा उकिरडा आहे."

"बरं."

पुढच्या आठवड्यात: "जुन्या किल्ल्याच्या भिंतीला आता दोर लावलाय. हात लावायचा नाही. मग बघायचं तरी कशाला?"

"बरं."

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, मार्चमध्ये दुपारी दाराची कडी भाजायला लागली. शेजारची लोरीन कुंपणावरून नॅडीनला म्हणाली, "अगं, तो पार्क बघतोय की घोडा विकत घेतोय? दात मोजत बसलाय नुसता."

"बघू दे," नॅडीन म्हणाली. "सगळे नापास झाले की मी ओहायोला सुखाने जाईन. मागे काही राहिलं असं वाटणार नाही."

"हे तू गमतीत बोलतेस?"

 नॅडीनने वॉकर वळवला आणि ती घरात गेली.

एप्रिल अर्धा सरला. पाहुणे उत्तरेला परतायला लागले, तशा खिळ्यावरच्या चिठ्ठ्याही विरळ झाल्या. शेवटचा पार्क राहिला होता पेंटेड वॉश. त्याची चिठ्ठी हाती लागायला ऑर्व्हलला चार दिवस खानावळीत बसून काढावे लागले. त्या रात्री त्याने काटा बशीत टेकवला.

"पेंटेड म्हणे. राखाडी आहे सगळं. इकडून तिकडे राखाडी."

"लोक तर लाल म्हणतात," नॅडीन म्हणाली. "बर्निसकडची बाई जांभळा म्हणत होती."

"ती मिनेसोटाची. तिकडे सहा महिने बर्फ. त्यांना वीटसुद्धा जांभळी दिसते."

नॅडीनने बशी बाजूला सारली. "तू किती वाजता गेला होतास?"

"चिठ्ठी मिळाल्यावर."

"म्हणजे किती वाजता?"

"दोनच्या आसपास."

"आणि कॉपर गेटला?"

"तेव्हाच."

"किल्ल्याला?"

"अगं, चिठ्ठी दुपारशिवाय मिळतच नाही. सांगितलं ना."

नॅडीनने हात पुसले. "तू ग्रेडरवर होतास तेव्हा पहाटे अंधारात घर सोडायचास. मी डबा भरायला तुझ्याआधी उठायचे. इतक्या लवकर का जायचास?"

"ऊन तिरकं असल्याशिवाय रस्त्यावर चाकांनी उठलेल्या वळ्या दिसत नाहीत. प्रत्येक वळीची सावली पडते, तेव्हा कळतं पातं कुठे दाबायचं. दुपारी रस्ता..."

तो थांबला.

"दुपारी रस्ता काय?"

"दुपारी सगळं सपाट दिसतं," ऑर्व्हल म्हणाला.

 धंद्यातलं शहाणपण माणूस धंद्याच्या कपड्यांबरोबर खुंटीला टांगून येतो आणि घरी आला की पुन्हा पहिल्यासारखा मूर्ख होतो. नॅडीनला हसू आलं नाही. रागही फारसा आला नाही. उरलेल्या दिवसांत ऊन किती चढेल याचा ती विचार करत होती.

"उद्या," ती म्हणाली. "उजाडायच्या आधी. पेंटेड वॉश."

"मी म्हणालो ना, राखाडी..."

"म्हणूनच तोच. आणि पैसे भरून."

पहाटे फाटकावरचं खोपटं बंद होतं. बाहेर जमिनीत रोवलेलं जाड लोखंडी नळकांडं होतं. त्याच्या फटीत पैसे घातलेलं कागदी पाकीट टाकायचं आणि चिठ्ठी स्वतःच फाडून घ्यायची. ऑर्व्हलने इकडेतिकडे पाहिलं.

"कुणी नाहीये बघायला," तो खिडकीतून म्हणाला.

"मी आहे. टाक."

त्याने टाकलं. आत पाकीट पडल्याचा आवाज आला आणि त्याचा चेहरा दात उपटल्यासारखा झाला.

पहिल्या बाकापर्यंत जायला नॅडीनला वेळ लागला. ती बसली तेव्हा पूर्वेची कड नुकती फाटत होती आणि समोरच्या कड्यांच्या घड्या एकेक करून वेगळ्या होऊ लागल्या होत्या. ऑर्व्हल शेजारी उभा राहिला. उभं राहिलं की त्याला बोलावं लागे.

"बाक बघ कसला बसवलाय. एक पाय आखूड. दहा डॉलर घेतात आणि... हा रंग तरी कितीसा टिकणार? दहा मिनिटं. म्हणजे मिनिटाला एक..."

"ऑर्व्हल."

"काय?"

"गाडीत जाऊन बस."

"आता? आत्ताच तर आलो."

"मला इथे तासभर बसायचंय, आणि तो तास मला तुझ्याविना हवाय. झालं की हाक मारते."

तिचा आवाज चढला नव्हता. ऑर्व्हलला समजत होतं की आवाज चढला असता तर आपण वाद घातला असता. तो गेला. सवयीने त्याने गाडी तोंड बाहेर करून लावली होती, लवकर सटकता यावं म्हणून. तेव्हा काचेतून त्याला परतीचा कच्चा रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावरची प्रत्येक वळी आपापल्या सावलीसकट. ग्रेडरवरच्या नव्या पोराने पातं वरच्यावर फिरवलं होतं, त्याला लाज वाटायला हवी होती. मग पांढऱ्या बॉनेटवर काहीतरी चढत आलं. आधी तांबूस, मग असा लाल की ऑर्व्हलने हात स्टिअरिंगवरून काढला. हे मागच्या कड्यांवरून येतंय हे त्याला कळत होतं. मान वळवली असती तर पुरे होतं. त्याने मान वळवली नाही. कालच नापास केलेल्याला आता चोरून बघायचं, हे त्याच्याच्याने झालं नाही. लाल पिवळं झालं, पिवळं पांढरं झालं आणि बॉनेट पुन्हा बॉनेट झालं.

नॅडीनने हाक मारली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तिचा गुडघा सुजून पँटमध्ये मावत नव्हता. त्याने तिला हाताला धरून गाडीत बसवलं, वॉकर मागे ठेवला आणि किल्ली लावून तसाच बसून राहिला.

"काय दिसलं?"

"नाही सांगणार."

"म्हणजे? आवडलं नाही?"

"ऑर्व्हल, इतकी वर्षं मी सगळं तुझ्या तोंडून बघितलं. हे माझ्यापाशी राहू दे."

 खोपट्याकडे टोपीवाली मुलगी कुलूप उघडत होती. तिने हात हलवला. नॅडीननेही हलवला.

"निघायला अजून चार दिवस आहेत," तो शेवटी म्हणाला. "मी उद्या पहाटे येऊन जाईन म्हणतो. एकटा."

"ये की. पैसे भर."

"उद्याही असंच दिसेल?"

"ते मला काय ठाऊक? मी आजचं बघितलंय."

ऑर्व्हलने गाडी सुरू केली आणि रस्त्यातल्या वळ्या चुकवत, तिच्या गुडघ्याला धक्का बसू नये अशा बेताने, हळूहळू खाली उतरवली.