कुलपाला तेल

ज्या चावीवाल्याने अख्ख्या बाजाराची अडलेली दारं उघडून दिली, त्याच्याच कपाटात चोरी झाली. बाहेर कळलं असतं तर लोक पोट धरून हसले असते आणि धंद्याचे तीनतेरा वाजले असते. पण त्याला खरी धास्ती बायकोची होती. ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती आणि चार दिवसांत परतणार होती. तोवर तिच्या आईचा हार जागेवर यायला हवा होता. नाहीतर चोर कोण ते बाहेर येणार, ती दिराला उंबऱ्याबाहेर काढणार, आणि त्या धाकट्या भावाला जगात दुसरं घर नव्हतं.

चोर कोण, हे कुलपानेच सांगितलं. एक ओरखडा नाही, आणि काम उरकल्यावर पुन्हा नीट लावलेलं. उपऱ्या चोराला एवढी शिस्त कुठली! तारेने कुलूप उघडायची कला चावीवाल्याने आयुष्यात एकालाच शिकवली होती. आईबाप गेल्यावर पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या धाकट्या भावाला. पठ्ठ्या पटकन शिकला आणि अंगमेहनत नको म्हणून सोडूनही मोकळा झाला. वहिनीला हे ठाऊकच नव्हतं. तिच्या लेखी दीर म्हणजे आळशी, पण गरीब गाय.

विचारल्यावर धाकट्याने आढेवेढे घेतले नाहीत. पत्त्यांत हरला होता आणि हार गहाण ठेवून आला होता. वर म्हणाला, "सोडवणारच होतो रे दादा. तूच घाई करतोयस."

चावीवाला एकटाच सावकाराच्या दुकानात गेला. सावकार चष्म्यावरून बघत म्हणाला, "ज्यानं ठेवलं, त्याच्याच हातात परत देतो आम्ही. असेलही तुमचा. पण मला काय माहीत?"

म्हणजे चोराच्याच हातापाया पडणं आलं. धाकट्याने अटी घातल्या. रस्त्यात बोलायचं नाही, दुकानात तमाशा करायचा नाही. चावीवाल्याने निमूट मान डोलावली. किल्ल्या कापायचं यंत्र घ्यायला पै पै करून साठवलेले पैसे त्याने काउंटरवर ठेवले, आणि सावकाराने हाराला दोऱ्याने बांधलेली गहाणाची चिठ्ठी फाडून हार धाकट्यापुढे सरकवला. "घ्या मालक, नीट बघून घ्या." मालकाने खरोखरच उजेडाकडे धरून बघून घेतला! चावीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याने शब्द दिला होता.

घरी येऊन त्याने हार डबीत ठेवला, कपाट लावलं आणि दुकानातल्या हाताच्या सवयीने कुलपात तेलाचे दोन थेंब सोडले.

बायको आली. बॅग ठेवून कपाटाशी गेली आणि किल्ली फिरवताच थबकली. "हे कुलूप लग्नापासून कुरकुरतंय. सांगून सांगून माझी जीभ झिजली. आजच कशी बुद्धी झाली तुम्हाला?"

मग तिने डबी उघडली. हाराच्या कडीत सावकाराच्या चिठ्ठीचा दोरा अडकून राहिला होता. तिने तो दोरा चिमटीत धरून ओढून काढला.

"कुठे गहाण ठेवला होतात? किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याजवळ होती."

खरं सांगावं तर भाऊ रस्त्यावर, गप्प बसावं तर आपण चोर. चावीवाल्याने धाकट्याकडे पाहिलं. तो जेवत होता. बोल रे बाबा, एकदा तरी बोल.

धाकट्याने घास गिळला, पाणी प्यायला आणि मायेने म्हणाला, "जाऊ द्या ना वहिनी. दादाची काहीतरी अडचण असेल. परत आणून ठेवला ना त्यानं?"

 बायकोने हात पुढे केला. चावीवाल्याने कमरेची किल्ली सोडवून तिच्या तळहातावर ठेवली.

तिने ती दिराच्या ताटाशेजारी ठेवली. "भावजी, यापुढे ही तुमच्याकडे राहू दे."