फोटो हलला

वसईतल्या पापडीच्या एका आळीत परेरांची इतकी घरं आहेत की नवा पोस्टमन आला की पहिला महिना नुसता गोल गोल फिरतो. एका जॉन परेराचं पाकीट दुसऱ्या जॉन परेराच्या ओट्यावर पडतं आणि तिसरा जॉन परेरा ते उघडून वाचतो. गावाने ही अडचण फार पूर्वीच सोडवून टाकली आहे. प्रत्येक घराला एक टोपणनाव. कुणाचा आजा वरातीत गॅसबत्ती धरायचा, ते घर बत्तीवाल्यांचं. कुणाचा पणजा ऐन मिस्सामध्ये, फादरांनी ख्रिस्तप्रसाद वर उचललेला असताना, सटासट शिंकला, ते शिंके. आज शिंक्यांचा नातू कॅनडात डॉक्टर आहे, त्याला साधी सर्दी झालेली कुणी पाहिली नाही, तरी तो शिंक्यांचाच. नाव नेमकं कोण ठेवतं ते कधी कळत नाही. पण एकदा चिकटलं की ते फणसाचा चीक, तेल लावून घासा नाहीतर रॉकेल.

युजीनचं घर त्यातल्या त्यात भाग्यवान. मास्तरांचं घर. त्याचे वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि अर्ध्या गावाचे पाढे त्यांच्या छडीने पाठ झालेले होते. मास्तर जाऊन जमाना झाला, पण नावाचं वजन शिल्लक होतं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा मिळायची, बाजारात मासळीवाली टोपलीच्या तळातली ताजी पापलेटं वर काढायची. खुद्द युजीनला शिकवणं कधी जमलं नाही. चर्चगेटच्या एका विमा कंपनीत त्याने आयुष्यभर फायली इकडच्या तिकडे केल्या आणि वेळ झाली तसा निवृत्त झाला. या सगळ्या काळात कुणी त्याची ओळख करून दिली तर ती एकच, ‘हा मास्तरांचा युजीन.’ त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो म्हणायचा. विचारलं नसतानाही म्हणायचा.

निवृत्तीनंतर कुणी वाडीत भाजी लावतं, कुणी चर्चच्या गायकमंडळात घुसून सगळ्यांचे सूर बिघडवतं. युजीनने कॅमेरा हातात घेतला, आणि त्यातही त्याला खूळ लागलं ते टिल्ट लेन्सचं. साधी लेन्स नाकासमोर बघते. या लेन्सला मान असते. कोंबडी दाणा टिपण्याआधी मान वाकडी करून बघते ना, तशी ही लेन्स तिरकी होते, आणि मग फोटोत एक तिरपी पट्टी तेवढी लख्ख येते, बाकीचं सगळं लोण्यासारखं वितळून जातं. पट्टी कुठून कुठे न्यायची ते काढणाऱ्याच्या हातात. मोठ्या कंपन्यांची तसली लेन्स घ्यायची तर स्कूटर विकावी लागली असती. पण एका छोट्या कंपनीची, कुणी नाव न ऐकलेली, बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत मिळाली. आपोआप काहीच होत नाही, लेन्सवरची सगळी कडी हाताने फिरवायची. युजीन तर त्यावरच खूश. त्याने जास्वंदीचे फोटो काढले, अंड्यांचे काढले, चुलीवरच्या पातेल्याचे काढले.

“एवढे पैसे घालून धूसर फोटो?” त्याची बायको मार्था म्हणाली. “मी चष्मा काढला की मला हे फुकटात दिसतं.”

मग चर्चचा वार्षिक सण आला. सणाच्या कमिटीचा फोटो युजीनने काढायचा असं ठरलं. कमिटीचा अध्यक्ष त्याचा चुलतभाऊ रिचर्ड, आणि रिचर्डला प्रत्येक गोष्ट कालच हवी असते. चर्चच्या पायऱ्यांवर फादर मधोमध, कोट घातलेली कमिटी दोन्ही बाजूंना. आदल्या संध्याकाळी जास्वंदीसाठी वाकडी केलेली लेन्सची मान सरळ करायची राहून गेली होती. युजीनचा जवळचा चष्मा मार्थाच्या पर्समध्ये आणि मार्था गायकमंडळात. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर सगळे हसताना दिसले, म्हणजे झालं. रिचर्डने तो फोटो मोबाइलवर घेतला आणि न बघताच फ्लेक्सवाल्याला धाडून दिला.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लागला. ‘सणाच्या हार्दिक शुभेच्छा.’ खाली फादर धुक्यात, रिचर्ड धुक्यात, सगळी कमिटी धुक्यात. फक्त पायऱ्यांच्या एका टोकाला मांडववाल्याचा एक गडी उभा राहून काडीने कान कोरत होता, तो मात्र असा लख्ख आला होता की काडीसुद्धा मोजून घ्यावी.

नाक्यावर गर्दी जमली. सगळ्यांचं एकच मत पडलं, “फोटो हलला.”

“हलला नाही,” युजीन घाम पुसत म्हणाला. “त्याला टिल्ट म्हणतात.”

“टिल्ट म्हणजे काय?” रिचर्डने विचारलं.

“म्हणजे आतली लेन्स तिरकी होते.”

“म्हणजे हललीच ना!”

संध्याकाळपर्यंत पोरं युजीनच्या फाटकावरून जाताना ‘हलले, हलले’ करायला लागली. सणाच्या जेवणात कुणीतरी विचारलं, “हलल्यांकडचे आले का?” आणि मार्थाच्या हातातला वड्याचा तुकडा हातातच राहिला. तिला बरोबर कळलं. असंच सुरू होतं. शिंक्यांचंही असंच सुरू झालं असणार.

एरवी तिने हसण्यावारी नेलं असतं. पण नाताळ झाल्यावर टिफनीचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न होतं. पत्रिका छापून जाते, व्हॉट्सॲपवरही जाते, पण तेवढ्याने बोलावणं आलं असं त्या आळीत कुणी मानत नाही. माणूस अंगणात यायला लागतो. त्याने हाक मारून कुणाकडचं बोलावणं ते सांगायला लागतं, आणि सांगायचं ते टोपणनावाने, कारण नुसतं परेरांकडचं म्हटलं तर उरलेले परेरा चक्रावतात. हे काम गॅब्रिएलचं. त्याचा आवाज असा की बँड नसला तरी वरात अडू नये. आणि गॅब्रिएलच्या तोंडून लग्नाचं बोलावणं ज्या नावाने दारोदार गेलं, ते नाव घराला कायमचं बसलं. त्यावर अपील नाही.

“पोरीचं बोलावणं हलल्यांकडचं म्हणून गेलं,” मार्था म्हणाली, “तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही. मास्तरांच्या घरात लग्न करून आलेय मी, हलल्यांच्या नाही.”

“ममा, हसतील आणि विसरतील गं,” टिफनी म्हणाली.

“शिंके विसरले का कुणी?”

वडिलांनी आयुष्य घालून कमावलेलं नाव आपण एका दुपारी घालवून बसलो, हे युजीनला आतून खात होतं. त्याने टिल्ट लेन्स कपाटात, लग्नाच्या चादरींच्या मागे टाकली आणि साधी लेन्स चढवली. पुढचे काही आठवडे त्याने बाप्तिस्म्याचे, वाढदिवसांचे, कबड्डीच्या सामन्याचे फोटो काढले. मुंगीसुद्धा धूसर नाही. ते त्याने गावाच्या ग्रुपवर टाकले आणि वाट बघत बसला. कुणी एक अंगठासुद्धा टाकला नाही. स्पष्ट फोटोला कोण कशाला दाद देईल? आणि खरं सांगायचं तर काढणाऱ्यालाही ते फोटो बघून काही होत नव्हतं.

अशातच एक दिवस मटिल्डा मावशी आल्या. आळीच्या टोकाला त्यांची केळीची वाडी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची मधासारखी गोड सुकेळी करायची, हा त्यांचा जन्माचा उद्योग. आल्या त्या थेट ओट्यावर बसल्या.

“युजीन, पोरा, तो हलवायचा कॅमेरा हाय ना रे तुझ्याकडे?”

युजीनचा चेहरा पडला. “मावशी, आता तुम्हीपण?”

“मस्करी नाय करत मी. मला बिल्डिंग हलवून पायजे.”

मग सगळं बाहेर आलं. वाडीच्या कुंपणामागे मोठी इमारत उठली होती. मावशींची मुलगी रोझलिन मेलबर्नला. मावशी तिला फोटो पाठवायच्या, आणि प्रत्येक फोटोत ती इमारत त्यांच्या डोक्यावर बसल्यासारखी दिसायची. रोझलिन म्हणायची, ममा, आता तिथे राहिलंय काय, विकून टाक आणि इकडे ये.

“अरे, राहिलंय काय म्हंजे? केळी हाय, विहिरीला पानी हाय, मी हाय. पन फोटोत पयली ती मेली बिल्डिंगच दिसते.”

“मी साध्या लेन्सने काढतो,” युजीन घाईघाईने म्हणाला. “आणि मग कॉम्प्युटरवर बिल्डिंग पुसून टाकतो. कुणाला कळायचं नाही.”

“पुसायची नाय,” मावशी म्हणाल्या. “हाय ती हाय. लेकीला कशाला खोटं दाखवू? पन तिनं पुढं पुढं करायचं नाय.”

टिल्ट लेन्स कशासाठी असते हे युजीन दोन महिने गावाला समजावत होता, आणि मावशींना ते नुसत्या फजितीवरून समजलं होतं. पण हा फोटो मावशी आळीभर दाखवणार, हेही त्याला ठाऊक होतं. पुन्हा एक हललेला फोटो, तोही बोलावणी निघायच्या तोंडावर. मार्था स्वयंपाकघराच्या दारातून मानेनेच ‘नाही, नाही’ करत होती. युजीन उठला आणि चादरींच्या मागून लेन्स काढून आणली.

वाडीत त्याने मावशींना डाव्या हाताला सुकेळीच्या जाळीशेजारी बसवलं. मागे उजवीकडे, विहिरीपलीकडे, राजेळीचा एक भरघोस घड लोंबत होता. इमारत मागे डावीकडे. चष्मा या वेळी नाकावर होता. तो एक कडं फिरवायचा, पडद्यावरचं चित्र मोठं करून बघायचा, परत फिरवायचा. लेन्सची मान हळूहळू वळत गेली तशी ती लख्ख पट्टी मावशींच्या चेहऱ्यावरून सुकेळीवरून तिरपी मागे सरकली, विहिरीचा कठडा ओलांडून थेट त्या घडावर जाऊन थांबली. इमारत होती तिथेच होती. पण ती आता आभाळात मिसळून गेली होती, एक फिकट राखाडी सावली, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“आता श्वास धरा, मावशी.”

“माझं वय काय, श्वास धरायला सांगतोस,” मावशी म्हणाल्या आणि हसल्या, आणि तो हसण्याचाच फोटो आला.

त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. लांब धरला. परत जवळ आणला.

“हललाय,” त्या म्हणाल्या. युजीन कॅमेरा परत घ्यायला पुढे झाला. “पन बेस हललाय रे.” आणि पदराने डोळे पुसत त्या तो फोटो बघतच राहिल्या.

रोझलिनचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ममा, विकायचं नाव काढू नकोस, पुढच्या नाताळला आम्हीच येतो. आता मावशींच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? बाजारात, चर्चच्या आवारात, बसथांब्यावर, जो भेटेल त्याला फोटो दाखवून त्या सांगत सुटल्या, “युजीनकडून हलवून घेतला.”

झालं. माणसं येऊ लागली. कुणाला अंगणातल्या मुलाच्या मागची उघडी गटार हलवून हवी होती, कुणाला विजेचा डीपी. चंदनसारला फ्लॅट घेतलेलं एक जोडपं खास वसईत आलं. त्यांना बाल्कनीतली तुळस हवी होती आणि समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे नको होते. एक बाई हळूच येऊन म्हणाली, जाऊबाई फोटोत असल्या पाहिजेत, पण ओळखू येता कामा नयेत, आणि त्यांना रागही येता कामा नये. शेवटी खुद्द रिचर्ड आला. त्याला बायकोसोबत फोटो हवा होता, फक्त आपलं पोट तेवढं जरा हलवून. युजीनने टिल्ट हा शब्द तोंडात आणला आणि गिळून टाकला.

“बस इथे,” तो म्हणाला. “हलवतो.”

आणि त्या दिवसांत एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. फाटकाशी आलेला परका माणूस आता मास्तरांचं घर विचारत नव्हता. तो विचारायचा, “हललेले फोटो काढतात ते युजीन परेरा इथेच राहतात का?”

नाताळच्या आधीच्या रविवारी, मिस्सा आटपल्यावर, गॅब्रिएल कोट घालून आला. मार्थाने त्याला घरची वाइन आणि केक दिला. गॅब्रिएलने ग्लास खाली ठेवला आणि जरा खाकरला.

“मग निघू? म्हणजे, कुणाकडचं सांगू?”

“मास्तरांकडचं,” मार्था म्हणाली. “त्यात विचारायचं काय?”

“हलल्यांकडचं सांग,” युजीन म्हणाला.

टिफनी केक खाता खाता थांबली. मार्थाने नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर त्याने तिथल्या तिथे शब्द मागे घेतले असते.

“मास्तर बाबा होते, मार्था,” युजीन म्हणाला. “एवढं वय झालं, मी त्यांच्या नावाच्या सावलीत बसलोय. चांगली सावली होती, तक्रार नाही. पण त्यात माझं काय होतं? हे नाव फजितीचं असेल, पण माझ्या हाताने मिळालंय. माझ्या लेकीचं बोलावणं एकदा तरी माझ्या नावाने जाऊ दे.”

लग्न झाल्यापासून एकदाही तो असं काही बोलला नव्हता, आणि मार्थानेही कधी विचारलं नव्हतं. ती उठली, गॅब्रिएलची वाकडी झालेली कॉलर तिने सरळ केली आणि त्याच्या पाठीवर एक थाप मारली.

“मग पुटपुटू नकोस,” ती म्हणाली. “नीट ओरडून सांग. शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

गॅब्रिएल निघाला. युजीन दाराआड उभा राहून कान लावून होता. पहिल्याच अंगणातून तो दणदणीत आवाज उठला, “हलल्यांकडचं बोलावणं आहे होऽऽ, टिफनीच्या लग्नाचं!” आतून कुणी म्हातारीने विचारलं, “कोनाकडचं?”

“हलल्यांकडचं! युजीनकडचं!”

“येतो म्हनावं,” म्हातारी ओरडली. “अख्खं घर येतो.”