खोटा गुरुवार

उस्मानपुऱ्यातल्या अभ्यासिकेच्या मागच्या गॅलरीत आम्ही चौघी जेवायला बसलो होतो. मध्ये वर्तमानपत्र अंथरलेलं. रीत अशी, की डबे उघडून मध्ये सरकवायचे, जिला जे हवं ते तिनं घ्यायचं. आणि जेवता जेवता एकीनं प्रश्न विचारायचे. पीएचडीच्या प्रवेश परीक्षेला आम्ही सगळ्याच बसणार होतो.

ऋचानं विचारलं, "अस्पृश्यता कोणत्या कलमानं रद्द झाली?"

"सतरा," शीतल म्हणाली. सगळ्यांच्या आधी. आणि हसत तिनं आपला डबा मध्ये सरकवला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक तळलेली मिरची.

"अगं, माझा आज गुरुवार," ऋचा म्हणाली. तिच्या हातात माझ्या डब्यातली पोळी होती.

"मला ज्वारी पचतच नाही," मानसी म्हणाली.

डबा माझ्यापुढं आला. शीतलनं माझ्याकडं बघितलं. "ताई, तुम्ही तरी घ्या की. आईनं पहाटं थापलीय."

मी तोंडातला घास गिळला. म्हणाले, "माझाही गुरुवार आहे."

शीतलनं झाकण लावलं. "बरं," म्हणाली. उठून गेली. उपाशी.

ती अभ्यासिकेत येऊन आठवडाही झाला नव्हता. पहिल्या दिवशी कुणी विचारायच्या आत तिनं आडनाव सांगितलं होतं. टेबलाच्या फळीवर निळ्या कोटातला तो फोटो चिकटवला होता. आमच्या घराघरात असतो तो.

आमच्या. हा शब्द लिहायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

माझे वडील देवगाव रंगारीहून शहरात आले, तेव्हा खोली बघत हिंडले. घरमालक आडनाव विचारायचे आणि मग खोली आधीच दिलेली असायची. शेवटी एका दारात त्यांनी देवगावकर सांगितलं. खोली मिळाली. माझ्या शाळेतही तेच लागलं. आई बजावायची, "कुणी खोदून विचारलं तर गाव सांग. गावाच्या पुढं जाऊ नको." मी गेले नाही. लग्नानंतरही तेच आडनाव ठेवलं. शाळेत शिकवते, सोयीचं पडतं. आईबापांनी पोटासाठी केलं, ते मला कळतं. मी कशासाठी केलं? माझ्या डब्यातली मेथीची भाजी बोटं चाटून खाणाऱ्या दोन पोरींनी ताई म्हणावं म्हणून.

त्या दुपारी पुस्तक उघडलं. सामाजिक स्तरीकरण. व्याख्या पाठ होत्या. जातिव्यवस्थेची लक्षणं, सहभोजनावरची बंधनं. त्या ओळीखाली मीच कधी तरी पेन्सिलनं रेघ मारली होती. महत्त्वाचं, म्हणून.

संध्याकाळी शीतल माझ्या टेबलापाशी आली. पाठीला सॅक.

"ताई, तुम्ही देवगावच्या ना?"

"हो."

"माझी आत्या तिथं दिलीय. तुमच्या आईला चांगली वळखती ती."

मी वर बघितलं नाही.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती हळू बोलली. आजूबाजूला कुणी ऐकू नये, याची काळजी तीच घेत होती. "म्हणून तर तुमच्याकडं डबा सरकवला. म्हनलं, ताई तरी घेतील."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. टेबलावर फोटो तसाच. परीक्षा तोंडावर आलेली.

एका रविवारी मी मुकुंदवाडीला शीतलच्या घरी गेले. स्टेशनच्या पलीकडं एक खोली. कुकरच्या शिट्ट्या, भावाची पोरं, टीव्ही. कोपऱ्यात गोधडीवर तिची पुस्तकं. तिनं मला पाणी दिलं. खायला काही पुढं केलं नाही. मी एकदा नाकारलं होतं म्हणून, हे मला कळलं.

"अभ्यास?" मी विचारलं.

"इथं डोक्यात काय शिरत नाय. आन तिथं घास उतरत नाय."

"चुकलं माझं, शीतल."

तिनं गोधडीवरची पुस्तकं नीट रचली. मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्यातल्या असत्या तर मला काय वाटलं नसतं, ताई. सवय हाय."



दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापली. चटणी कुटली. गॅलरीत डबा मध्ये ठेवला आणि बसायच्या आधीच सांगितलं, "मी देवगावकर नाही. आम्ही साळवे. शीतल जी आहे, तीच मी."

मानसी पाणी पीत होती. तिनं बाटली खाली ठेवली.

"अहो ताई," ऋचा म्हणाली, "आम्ही असलं काही मानतच नाही. तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

"मग घ्या." मी भाकरीचा तुकडा मोडून पुढं धरला.

हात पुढं आला नाही.

"आज चतुर्थी आहे," मानसी खाली बघत म्हणाली.

मी तो तुकडा तसाच धरून राहिले. हात दुखेपर्यंत. मग खाली बसून ती सगळी भाकरी मी एकटीनं खाल्ली, त्यांच्यासमोर, सावकाश. वाटलं होतं छाती हलकी होईल. झाली नाही.

शीतल त्या परीक्षेला आली नाही. मी बसले, पासही झाले. सतराव्या कलमावर प्रश्न होता. उत्तर बरोबर आलं माझं.

पुढच्या वेळचं विचारलं की शीतल नुसतं "बघू" म्हणते. माफ केलंय का, हे मी विचारत नाही. ते मागायचा मला हक्क नाही. तिची खुर्ची मात्र मी अडवून ठेवलीय, फोटो कुणाला काढू देत नाही. अभ्यासिकेत नवी पोरगी आली की ती विचारायच्या आत मीच माझं खरं आडनाव सांगते. डबा मध्ये ठेवते, कडेला नेत नाही. कुणी उपवास सांगितला तर तिच्या हातातल्या पोळीकडं बोट दाखवते.

माझा आता कुठलाच गुरुवार नाही.